हळू हसण्याचा सराव : चेहऱ्याचा लकवा आणि नंतरचे व्यायाम

चेहऱ्याचा लकवा बहुतेकदा सकाळी, चूळ भरताना उघडकीला येतो. तोंडातले पाणी एका बाजूने आपोआप गळते, आरशात पाहावे तर तोंड दुसऱ्या बाजूला ओढलेले, आणि चेहऱ्याला साबण लावताना एक डोळा मिटतच नाही. आदल्या दिवशी कानामागे ठणकत असते. पण सकाळी सातच्या आत डोंबिवलीहून गाडी पकडणारा माणूस कानामागच्या ठणक्याला कुठे भीक घालतो? बघता बघता, फार तर दोन-तीन दिवसांत, अर्धा चेहरा पुरता सैल पडतो. घरातले निदान मात्र पहिल्या मिनिटालाच झालेले असते : ‘वारं लागलं.’

मराठीत लकवा आणि वारा यांची जोडी जुनी आहे. अर्धांगाचा झटका आला तरी ‘अंगावरून वारं गेलं’ असेच म्हणतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पट्ट्यात या समजुतीला लोकल गाडीने बळ दिले : पहाटेची गाडी, दारातली जागा, कळवा-मुंब्र्याच्या दरम्यान खाडीवरून येणारा गार झोत. गार झोताने तोंड वाकडे होते असे युरोपातले जुने वैद्यही मानत, म्हणजे हा काही केवळ आपल्याकडचा भाबडेपणा नव्हे. पण ज्या नसेला सूज येते ती कवटीच्या हाडात खोल दडलेली असते. तिथवर वारा पोचत नाही. वाऱ्याचा खरा अपाय लकव्यानंतरचा आहे, आणि तो उघड्या राहिलेल्या डोळ्याला होतो.

या दुखण्याला वैद्यकात ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या नसांविषयीचे आपले काम मांडले, त्यावरून हे नाव पडले. वर्णने त्याहून कितीतरी जुनी आहेत. चरक आणि सुश्रुत यांनी ‘अर्दित’ या नावाने हा विकार सांगितला. सुश्रुतसंहितेत गर्भवती, बाळंतीण, मूल आणि वृद्ध यांना तो होण्याचा उल्लेख आहे. फार मोठ्याने बोलणे, कठीण पदार्थ चावणे, वाकडेतिकडे झोपणे ही कारणे दिली आहेत. आणि पापणी लवतच नसेल किंवा तीन वर्षे उलटली असतील तर आशा नाही असेही बजावले आहे. कारणांची यादी आज टिकत नाही, पण गर्भवतींबद्दलचे निरीक्षण टिकले : गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात या लकव्याचा धोका वाढतो. मधुमेहातही वाढतो.

तोंड वाकडे झाले की आधी प्रश्न असतो तो मेंदूच्या झटक्याचा. ओळखण्याची खूण कपाळावर असते. भुवया वर करायला सांगितल्यावर दोन्हीकडे आठ्या पडल्या आणि फक्त तोंड वाकडे राहिले, तर दोष मेंदूत असण्याची शक्यता मोठी, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम मिळतो. कपाळाची एक बाजूही सपाट राहिली, तर दोष बहुधा नसेत असतो. मात्र ही परीक्षा घरी घेऊन निश्चिंत होण्यासाठी नाही. हातापायातली ताकद कमी झाली, जीभ अडखळली, एकाचे दोन दिसले किंवा तोल गेला, तर वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठावे लागते. कानात किंवा कानाच्या पाळीवर पाण्याचे फोड आले असतील तर तो नागिणीच्या विषाणूचा, रॅम्से हंट नावाचा वेगळा आणि अधिक चिवट प्रकार असतो. जून २०२२ मध्ये गायक जस्टिन बीबर यांनी अर्धा चेहरा हलत नसल्याचे सांगून कार्यक्रम थांबवले, ते याच आजाराने.

मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड नसांपैकी सातवी नस चेहऱ्याची. ती कानामागच्या हाडातल्या सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या वळणदार नळीतून बाहेर येते आणि या नळीचे तोंड एक मिलिमीटरहूनही अरुंद असते. नसेला सूज आली की पसरायला जागा नसल्याने ती आपल्याच घरात चेपली जाते. सूज कशाने येते याबद्दल आज सर्वाधिक संशय ओठांवर जर आणणाऱ्या हर्पिस विषाणूवर आहे. तो नसेच्या गाठीत वर्षानुवर्षे निजून राहतो. याच नसेचे फाटे अश्रुग्रंथीला, कानातल्या एका इवल्या स्नायूला आणि जिभेच्या पुढच्या भागाला जातात. म्हणून डोळा कोरडा पडतो, कुकरची शिट्टी त्या कानात सुरीसारखी घुसते आणि अर्ध्या जिभेची चव जाते. ठाण्याच्या मामलेदार मिसळीतले मीठ त्या बाजूला कळत नाही, ठसका मात्र पुरेपूर लागतो, कारण तिखटपणा ही चव नसून जळजळ आहे आणि जळजळ कळवणारी नस वेगळी.

व्यायामाकडे वळण्याआधी औषधाचे सांगणे भाग आहे, कारण व्यायामाच्या नादात नेमके तेच राहून जाते. स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करून दहा दिवस दिले गेले. तीन महिन्यांनी ते घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के पूर्ण बरे झाले होते, न घेणाऱ्यांपैकी सुमारे ६४ टक्के. नऊ महिन्यांनी हेच आकडे ९४ आणि ८२ होते. म्हणजे पहिले तीन दिवस तेलाच्या मालिशीत आणि शेकात गेले, तर हाताशी असलेला सर्वांत भक्कम उपाय निसटतो. मधुमेह असेल तर स्टेरॉइडने साखर चढते, म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचे. या परिसरात त्यासाठी मुंबईला धावण्याची गरज नाही : ठाण्याचे सिव्हिल, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही सार्वजनिक रुग्णालये आहेत आणि खासगी दवाखाने गल्लोगल्ली.

दुसरे काम डोळ्याचे. पापणी मिटत नसल्याने बुबुळ सुकते, त्यात रस्त्याची धूळ जाते, आणि जखम झाली तर दृष्टीवर बेतते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटवून लावलेली कागदी टेप, बाहेर पडताना बाजूनेही झाकणारा चष्मा. शिळफाट्याच्या रस्त्यावर दुचाकीने जाणाऱ्याला हा चष्मा कोणत्याही व्यायामापेक्षा महत्त्वाचा. कापसाचा बोळा किंवा जाळीची पट्टी उघड्या डोळ्यावर दाबून बांधू नये. ती बुबुळालाच घासते.

आता व्यायाम. बहुतेक रुग्ण मनात एक सरळ हिशेब मांडतात : स्नायू लुळा पडला, तर त्याला कामाला लावावे, जितके जास्त, तितके बरे. पाय मोडून प्लास्टर निघाल्यावर हा हिशेब चालतो. चेहऱ्यावर तो चुकतो, आणि का चुकतो हे समजणे म्हणजे या उपचाराचे मर्म समजणे. चेहऱ्याचे स्नायू हाडाकडून हाडाकडे जात नाहीत. ते पातळ पट्ट्यांसारखे कातडीतच येऊन संपतात. मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूंत ताण मोजणारी, ‘मी किती आखडलो’ हे मेंदूला कळवणारी सूक्ष्म यंत्रणा असते. चेहऱ्याच्या स्नायूंत ती जवळजवळ नसतेच. डोळे मिटूनही आपली मूठ अर्धी वळली आहे की पूर्ण, हे माणसाला कळते. ओठाचा कोपरा दोन मिलिमीटर उचलला गेला की चार, हे कळत नाही. ती उणीव आरसा भरून काढतो. चेहऱ्याच्या व्यायामाला आरसा लागतो तो एवढ्यासाठी.

दुसरे कारण नसेच्या वाढीत आहे. नस नुसती चेपली असेल, तर ती काही आठवड्यांत पुन्हा वाहू लागते. कोपनहेगनमध्ये औषध न घेतलेल्या १,७०१ रुग्णांची पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ८५ टक्के रुग्णांना तीन आठवड्यांत हालचाल दिसू लागली आणि एकंदर ७१ टक्के पूर्ण बरे झाले. उरलेल्या १५ टक्क्यांची पहिली हालचाल तीन ते पाच महिन्यांनी दिसली. हा काळ कुठून येतो तेही स्पष्ट आहे : तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, आणि हाडातल्या नळीपासून ओठापर्यंतचे अंतर दहा-बारा सेंटिमीटर. या संथ परतीच्या वाटेवर हजारो तंतूंपैकी काही जण घर चुकतात. डोळ्याकडे निघालेला तंतू ओठात पोचतो, ओठाचा डोळ्यात. मग माणूस हसला की डोळा आपोआप बारीक होतो, आणि डोळा मिचकावला की ओठाचा कोपरा थरथरतो. याला सहचलन म्हणतात. कधी लाळेचे तंतू अश्रुग्रंथीत जातात आणि जेवताना त्या डोळ्यातून पाणी वाहते. वैद्यकात त्याला ‘मगरीचे अश्रू’ असे नाव आहे. जोर लावून, सगळा चेहरा एकदम आवळून केलेला व्यायाम या चुकीच्या जोडण्यांना रोजची तालीम देतो, असे या विषयातले बहुतेक थेरपिस्ट मानतात.

त्यामुळे पहिल्या टप्प्यात, चेहरा पूर्ण सैल असताना, व्यायाम जवळजवळ नसतोच. ओलसर गरम फडक्याचा हलका शेक, बोटांच्या पेरांनी हनुवटीकडून कानशिलाकडे, खालून वर, मऊ मालिश. आणि बोटाचा आधार देऊन केलेली हालचाल, म्हणजे भुवई बोटाने वर सरकवायची आणि त्याच वेळी मनाने ती उचलायची. डोळा मिटताना आधी नजर खाली न्यायची, मग पापणीवरून बोट हळुवार खाली आणायचे. नजर समोर ठेवून डोळा मिटायला गेले की बुबुळ वर पळते आणि पापणी अधांतरी राहते. या वर पळण्यालाही बेल यांचेच नाव आहे. जेवण चांगल्या बाजूने करावे लागते आणि जेवणानंतर लुळ्या गालात साठलेला घास बोटाने काढावा लागतो. निरोगी बाजू या काळात दुप्पट ओढू लागते आणि तोंड आहे त्याहून वाकडे दिसते. तिलाच बोटाने आवरून धरावे लागते. अशा वेळी घरचे लोक ‘अजून जोरात हस बघू’ म्हणतात, ते प्रेमापोटी असले तरी उलटे पडते.

एके दिवशी आरशात काहीतरी लवते. नाकपुडीची कड, ओठाचा कोपरा, कुठेतरी मुंगी चालावी एवढीच हालचाल. इथून खरा व्यायाम सुरू होतो. एका वेळी एकच जागा घ्यायची : भुवया उचलणे, भुवया जवळ आणणे, डोळा अलगद मिटणे, नाक आक्रसणे, ओठ मिटून स्मित, दात दाखवून स्मित, ओठांचा चंबू, खालचा ओठ खाली ओढणे. प्रत्येक हालचाल पाच-दहा वेळा, सावकाश, आणि बरी बाजू दुबळ्या बाजूएवढीच हलेल इतकी छोटी. ही अट पाळणे सर्वांत अवघड. दुबळी बाजू दोन मिलिमीटर हलत असेल, तर चांगल्या बाजूनेही दोनच मिलिमीटर हलायचे. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसले की स्नायू थकतो आणि शेजारचे स्नायू मदतीला धावतात. म्हणून दिवसातून तीन-चार छोट्या बैठका अर्ध्या तासाच्या एका बैठकीपेक्षा बऱ्या. पण सकाळी साडेसहाला घर सोडून रात्री साडेआठला परतणाऱ्याला तीन बैठका कुठून मिळणार? सकाळची एक आणि झोपण्यापूर्वीची एक, या दोन नेमाने जमल्या तरी पुष्कळ. गाडीत मोबाइलच्या काचेत पाहून केलेला व्यायाम बहुधा घाईचाच होतो.

ओठांसाठी मराठी वर्णमालेइतके सोयीचे साधन शोधून सापडणार नाही. आपल्या व्याकरणाने प, फ, ब, भ, म हे वर्ण ओष्ठ्य म्हणून एका ओळीत मांडूनच ठेवले आहेत, आणि लकव्यात नेमकी हीच ओळ बिघडते. ‘पापड’ म्हणताना हवा निसटते, ‘भाकरी’तला भ फुसका निघतो, ‘मामा’ मात्र बऱ्यापैकी जमतो, कारण म नाकातून वाट काढतो. स्वरांचेही तसेच : ‘ई’ म्हणताना ओठ फाकतात, ‘ऊ’ म्हणताना गोळा होतात. आरशासमोर सावकाश ‘ई... ऊ...’ म्हणणे हा व्यायामही आहे आणि परीक्षाही. ‘ऊ’ म्हणताना लकव्याच्या बाजूचा डोळा बारीक होऊ लागला, तर सहचलन सुरू झाले असे समजावे. त्या क्षणी थांबायचे, डोळा सताड उघडा राहील इतपतच ‘ऊ’ म्हणायचा, आणि तिथून कणाकणाने वाढवायचे.

फुगे फुगवणे, शंख फुंकणे आणि च्युइंगम चघळणे हे तीन सल्ले प्रत्येक रुग्णाला किमान एका शेजाऱ्याकडून मिळतात. चघळण्याचे काम पाचव्या नसेचे स्नायू करतात, ते या लकव्यात धडधाकट असतात. दिवसभर गम चघळून जबडा तेवढा दुखतो. फुगा आणि शंख यांना गालाचा जो जोर लागतो तो सबंध चेहरा आवळल्याशिवाय येत नाही, आणि तो आवळणे हेच टाळायचे आहे. गालासाठी काही करायचेच असेल, तर तोंड मिटून थोडीशी हवा एका गालातून दुसऱ्या गालात फिरवावी. ओठांच्या फटीतून हवा सुटत असेल तिथे बोट ठेवावे.

‘करंट’चा प्रश्न अधिक वादाचा आहे. आपल्याकडे चेहऱ्याचा लकवा म्हटला की विजेचे यंत्र लावून स्नायू फडफडवणे हे ठरून गेले आहे, आणि रुग्णालाही काहीतरी घडताना दिसते म्हणून समाधान वाटते. पुरावा मात्र तोकडा आहे. उपलब्ध चाचण्यांचा कोक्रेन संस्थेने २०११ मध्ये घेतलेला आढावा बारा अभ्यास आणि ८७२ रुग्णांचा होता. विद्युत उपचाराचा ठोस फायदा त्यात दिसला नाही. रुग्णानुसार ठरवलेल्या चेहऱ्याच्या व्यायामाने, विशेषतः मध्यम आणि जुन्या लकव्यात, लाभ होत असावा असे दिसले, पण तोही पुरावा कमी दर्जाचा ठरवला गेला. म्हणजे व्यायामाच्या बाजूने बोलतानाही आवाज फार चढवता येत नाही. बहुतेक जण व्यायामाशिवायही बरे होतात. व्यायामाची खरी गरज उरलेल्यांना, ज्यांची नस उशिरा आणि वाकड्या वाटेने परतते त्यांना असते.

त्यांच्यासाठीची एक पद्धत नेदरलँड्समध्ये रंगभूमीवरून आली. १९८०च्या सुमारास तिथल्या एका कान-नाक-घसातज्ज्ञाने एका मूकनाट्य कलावंताची मदत घेतली, आणि मालिश, शिथिलीकरण, सुट्या हालचाली आणि भावदर्शन यांची सांगड घालून ‘माइम थेरपी’ तयार झाली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने चेहऱ्याचा ताठरपणा कमी झाला आणि ओठांची हालचाल सुधारली. भारतीय वाचकाला यात नवल वाटू नये. नाट्यशास्त्राने डोळे, भुवया, नाक, ओठ, गाल आणि हनुवटी अशी चेहऱ्याची सहा उपांगे वेगळी काढली आणि एकट्या भुवईच्या सात हालचाली सांगितल्या. चेहरा सुट्या सुट्या भागांनी हलवता येतो, हे नटाला शिकवावे लागते. लकव्यातून उठणाऱ्याला तेच, पण कितीतरी लहान मापात, पुन्हा शिकावे लागते.

चेहऱ्यावरच पोट असलेल्या माणसाला हा आजार काय करतो, याचे मराठी उदाहरण ललिता पवार यांचे. येवल्यात जन्मलेल्या या अभिनेत्री मूकपटांच्या काळापासून काम करत होत्या आणि नायिका होत्या. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या एका जोरकस थपडेने त्यांच्या चेहऱ्याला लकवा झाला आणि डाव्या डोळ्याला इजा झाली. उपचार तीन वर्षे चालले. डोळा कायमचा बारीक राहिला. हा मार लागून झालेला लकवा, विषाणूचा नव्हे, पण मागे उरले ते तेच : एक न जुळणारा डोळा. नायिकेच्या भूमिका संपल्या. पुढे खाष्ट सासू त्या डोळ्यानिशी उभी राहिली, ‘अनाडी’ (१९५९) मधल्या मिसेस डिसाने त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला, आणि १९८७ मध्ये दूरदर्शनच्या ‘रामायणा’त मंथरा म्हणून तो डोळा घरोघरी पोचला.

आजच्या रुग्णाला त्यांच्या वेळी नसलेले काही उपाय आहेत. सहचलन पक्के झाले की व्यायामाचा रोख बदलतो : ताकद वाढवणे बंद, आणि आखडलेला गाल सैल करणे सुरू. स्वच्छ हाताचा अंगठा गालाच्या आतून आणि बोटे बाहेरून धरून गाल ताणला जातो. ओठ हलवताना डोळा उघडा ठेवण्याचा सराव होतो. फारच आखडलेल्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने देतात; त्यांचा परिणाम तीन-चार महिने टिकतो आणि त्या सवलतीच्या काळात व्यायाम जास्त लागू पडतो. तीन महिन्यांत चेहरा पुरता सावरला नसेल तर तज्ज्ञाकडून फेरतपासणी आवश्यक असते, आणि इतक्या दिवसांत काहीच हलले नसेल तर हा लकवा मुळात बेल यांचा नसून गाठीसारखे दुसरे कारण असण्याचा विचार करावा लागतो.

प्रगती मोजायला रोजचा आरसा निरुपयोगी असतो. रोज पाहिल्याने फरक दिसत नाही. पंधरा दिवसांतून एकदा, घरातल्या त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून कोणाकडून तरी सहा छायाचित्रे काढून घ्यावीत : चेहरा शांत, भुवया वर, डोळे अलगद मिटलेले, ओठ मिटून स्मित, दात दाखवून स्मित, ओठांचा चंबू. स्वतःच मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढली, तर काही फोन डावे-उजवे उलटवून चित्र साठवतात. म्हणून लकव्याच्या बाजूच्या खांद्यावर रुमाल टाकून बसावे, म्हणजे चार महिन्यांनी थेरपिस्टपुढे फोन धरल्यावर बाजू कोणती यावर वाद होत नाही.